दोन्ही पेल्यांचा सामू (पीएच) ३, मग चुन्याची निवळी एकाला सहा थेंब आणि दुसऱ्याला बावीस मिली का?

शिकवणीवाली_ताई

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला मी संध्याकाळी नववी-दहावीची शिकवणी घेते. बहुतेक मुलं यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरची. अर्ध्यांच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी. पाठांतर पक्कं असतं. आम्ल म्हणजे काय विचारलं की एका सुरात उत्तर येतं, पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देणारा पदार्थ. पण सौम्य आम्ल आणि विरल आम्ल यांत फरक काय, असं विचारलं की सगळा वर्ग गप्प.

म्हणून परवा एक प्रयोग केला. एका पेल्यात ०.१ मोलरचं (लिटरला ०.१ मोल, मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) हायड्रोक्लोरिक आम्ल पंचाहत्तर पट पातळ करून घेतलं. दुसऱ्यात बाजारात मिळतं ते व्हिनेगर, आठपट पातळ करून. दोन्हींत पीएचची पट्टी बुडवली. रंग सारखाच, ३ च्या घरातला. एक मुलगी म्हणाली, "दोन्ही सारखीच की ताई."

मग प्रत्येकातलं दहा मिली वेगळं काढलं. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळली होती, तिचे दोन-दोन थेंब टाकले. आदल्या रात्री पानाचा चुना पाण्यात ढवळून ठेवला होता, त्याची वरची स्वच्छ निवळी ड्रॉपरने घालत गेलो. हायड्रोक्लोरिक आम्ल सहा-सात थेंबांत पिवळ्याचं लालसर झालं. व्हिनेगरला मुलं थेंब मोजत राहिली. शंभरानंतर मोजणं सोडलं आणि सुई नसलेली सिरिंज घेतली. बावीस मिलीच्या आसपास गेल्यावर रंग टिकला.

तीच मुलगी म्हणाली, "ताई, पट्टी खोटं बोलली का?"

मी समीकरण लिहून दाखवलं. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं नाही. घरी जाऊन ती आईला सांगू शकेल असं उत्तर मला हवंय. तुम्ही कसं सांगाल?

कुंभारवेस

पट्टी जुनी असेल. उघड्या डबीतल्या पट्ट्या दमट हवेने बिघडतात. नाहीतर व्हिनेगरच्या बाटलीवर लिहिलंय एक आणि आत भलतंच.

शिकवणीवाली_ताई

पट्ट्या नव्या होत्या आणि तीनदा केलं. दुसऱ्या दुकानातलं व्हिनेगर आणूनही तेवढीच निवळी लागली.

नवीपेठ_गोदाम

ताई, पट्टी खरंच बोलली. तिला जेवढं विचारलं तेवढंच तिने सांगितलं.

आमचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे, बीएस्सी रसायनशास्त्रात झाली. त्या मुलीला असं सांगून बघा. दोन दुकानं आहेत. दोन्हींच्या काउंटरवर तेरा-तेरा टॉवेल मांडलेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकानं सारखीच वाटणार. पण पहिल्या दुकानाचा सगळा माल तो तेवढाच, मागे गोदाम रिकामं. दुसऱ्याच्या गोदामात हजाराच्या घरात टॉवेल आहेत. गिऱ्हाइकाने काउंटरवरचा एक उचलला की मालक आतून दुसरा आणून मांडतो.

सामू म्हणजे काउंटरवरचा माल, म्हणजे या घडीला पाण्यात मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, ते पाण्यात गेलं की जवळजवळ सगळे रेणू फुटतात. सगळा माल काउंटरवर. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल सौम्य. ताईंनी घेतलं त्या ताकदीला हजार रेणूंपैकी जेमतेम तेरा फुटलेले असतात, बाकीचे हायड्रोजन पोटात धरून बसलेले. निवळीतल्या हायड्रॉक्साइडने ते तेरा खाल्ले की लगेच आणखी फुटतात. गोदाम संपेपर्यंत हे चालू राहतं.

आता हिशेब. सामू २.९ म्हणजे लिटरला सुमारे ०.००१३ मोल मोकळे आयन, दोन्ही पेल्यांत तेवढेच. पण व्हिनेगरच्या पेल्यात एकूण आम्ल लिटरला ०.१ मोल, म्हणजे साधारण पंचाहत्तर पट. सहा थेंबांचे पंचाहत्तर पट साडेचारशे थेंब. एक थेंब ०.०५ मिली धरला तर साडेबावीस मिली. तुमच्या मुलांनी मोजलेलं आणि कागदावरचं इतकं जुळतंय, शाबासकी द्या त्यांना.

'सौम्य' आणि 'विरल' यांचा घोळही इथेच मिटतो. तीव्र की सौम्य हा आम्लाचा स्वभाव, माल बाहेर मांडायचा की आत ठेवायचा. संहत की विरल म्हणजे एकूण माल किती. ताईंचं हायड्रोक्लोरिक तीव्र आणि अतिशय विरल होतं, व्हिनेगर सौम्य आणि त्यामानाने पुष्कळ संहत. म्हणून दोघं ३ वर येऊन भेटले.

शिकवणीवाली_ताई

हे उद्याच सांगते. नवी पेठ सगळ्यांनी पाहिलेली आहे.

डाळिंब_सांगोला

ताई, तुमचा धागा माझ्या कामाचा निघाला. माझी सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. माती परीक्षणात सामू ८.२ आला. दुकानदार म्हणाला गंधक टाका, खाली येईल. दोन वर्षं एकरी दहा-वीस किलो टाकलं, सामू तसूभर हलला नाही. मला वाटायचं गंधक भेसळीचं. आता गोदामाचं वाचून विचार बदलला. आमच्या रानात चुनखडी आहे. ढेकळावर ॲसिडचे दोन थेंब टाकले की फसफसतं. म्हणजे हे गोदामच समजायचं का?

आणि मुलांना बोर्डो मिश्रण दाखवा, त्याच्याइतका आम्ल-आम्लारीचा धडा मला दुसरा माहीत नाही. तेल्या आणि बाकीच्या रोगांसाठी आम्ही एक टक्क्याचं करतो. एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, लोखंडी भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या बादलीत फोडून गाळून घ्यायचा आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं. आभाळासारखा निळा रंग येतो. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. वर आला आणि तांबूस झाला असेल तर चुना कमी पडला, अजून घालायचा. खिळा तसाच राहिला तर फवारायला हरकत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी मी खिळा न बघता फवारलं. माप बरोबर होतं, पण चुना मागच्या हंगामातला, पोतं उघडं राहिलेलं, सगळी भुकटी झालेली. तिसऱ्या दिवशी कोवळी पालवी करपली. वडील बांधावर बसून राहिले होते, बोलले काहीच नाहीत. मापात चूक नव्हती तर चूक कुठे झाली, हे मला आजवर नीट कुणी सांगितलं नाही.

नवीपेठ_गोदाम

दादा, तुमचा चुना चुनाच राहिला नव्हता. कळीचा चुना उघड्यावर राहिला की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खातो आणि हळूहळू परत चुनखडी होतो. वजन तेवढंच, उलट थोडं जास्त, पण आम्ल मारायची ताकद त्या पाण्यात फारशी उतरत नाही, कारण चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मोरचुदाचं पाणी मुळात आम्लधर्मी असतं. चुना पुरेसा असला की तांबं न विरघळणाऱ्या रूपात बसतं आणि पानावर थोडं थोडं सुटतं. कमी पडला तर मोकळं तांबं राहतं, तेच पान जाळतं. खिळ्यावर चढतं तेही तेच मोकळं तांबं. तुमची खिळ्याची परीक्षा पट्टीपेक्षा नेमकी आहे, कारण ज्याने पान जळतं तेच ती दाखवते.

मातीचं म्हणाल तर हो, गोदामच. फक्त आम्लाच्या विरुद्ध बाजूचं. अहवालात 'मुक्त चुनखडी' किती टक्के आहे ते बघून सांगा.

अक्कलकोट_रोड_रंगखाता

मी एमआयडीसीत सूत रंगवायच्या खात्यात एकवीस वर्षं आहे. सोलापुरी चादरीचा पक्का रंग बऱ्याचदा व्हॅटचा असतो. तो पाण्यात विरघळतच नाही. कॉस्टिक सोडा (तीव्र आम्लारी) आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून तापवला की विरघळतो आणि सुतात शिरतो. त्या वेळी पाण्याचा रंग वेगळाच दिसतो. निळीचं तर पिवळट हिरवं पाणी होतं, लड वर काढली की हवेत आपल्या डोळ्यांदेखत निळी होत जाते. नवीन पोरं आली की मी त्यांना आधी हेच दाखवतो.

कॉस्टिकचा हात निसरडा लागतो. पोरांना वाटतं साबण लागलाय. साबण लागलेला नसतो, आपल्या कातडीवरच्या तेलाचा साबण होत असतो. म्हणून निसरडं लागलं की आधी नळाखाली हात, मग बाकीचं बोलणं.

आता धाग्याचा मुद्दा. रंगवून झाल्यावर सुतात राहिलेलं कॉस्टिक मारायला आम्ही ॲसिटिक वापरतो. गंधकाम्ल स्वस्त पडतं, तरी नाही वापरत. मला इतकंच माहीत होतं की गंधकाम्लाने सूत कुजतं, हाताने तुटतं. ॲसिटिक दोन घोट जास्त पडलं तरी काही होत नाही. गोदामाच्या हिशेबाने हे का होतं ते सांगता का?

नवीपेठ_गोदाम

तुमच्या खात्याला हवंय असं आम्ल ज्याच्या गोदामात माल भरपूर आणि काउंटरवर थोडा. कॉस्टिक समोर आलं की ॲसिटिक लागेल तेवढे आयन पुरवत जातं. कॉस्टिक संपलं की उरलेलं आम्ल तोंड मिटून बसतं, सामू फार खाली जात नाही. सूत वाळताना ते बरंचसं उडूनही जातं, तोच तो खात्यातला वास. गंधकाम्ल उडत नाही. पाणी आटत जातं तसं ते सुतातच संहत होत जातं आणि कापसाच्या लांब साखळ्या तोडतं.

अकलूजकर_लॅब

साखर कारखान्यात केमिस्ट आहे. उसाचा रस येतो तेव्हा सामू ५.२ ते ५.५ असतो. तसाच तापवला तर आम्लामुळे साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातं. म्हणून चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर देऊन रस ७ च्या आसपास आणतो. फार वर गेला तर रंग काळवंडतो. शिळ्या उसाच्या रसाला चुना नेहमी जास्त लागतो, कारण तोडून पडलेल्या उसात आम्ल वाढत जातं.

सामूची ही मोजपट्टीही अशाच एका धंद्यातून आली. १९०९ साली सोरेनसेन यांनी ती मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मुलांना एवढं जरूर सांगा की ही पट्टी फुटपट्टीसारखी सरळ नाही. एक घर खाली म्हणजे आयन दहापट, दोन घरं म्हणजे शंभरपट. रस ७ वरून ५ वर गेला म्हणजे 'दोनच अंक' घसरला असं समजून आमच्याकडे नवीन मुलं निवांत बसतात.

निरोगी_सोलापूर

सगळे छान लिहिताय. पण रोजच्या आयुष्यात उपयोगी एक गोष्ट राहिली. शरीर आम्लधर्मी झालं की आजार होतात. आम्ही घरी सामू ९ चं अल्कधर्मी पाणी पितो, मशीन घेतलंय. लिंबूसुद्धा पोटात गेल्यावर अल्कधर्मी होतं.

रेल्वेलाइन_डॉक्टर

तुमच्या काळजीबद्दल शंका नाही, पण याच धाग्यातला हिशेब तुमच्या पाण्याला लावू. सामू ९ च्या पाण्यात हायड्रॉक्साइड लिटरला १० चा उणे ५ वा घात इतके मोल. पाव लिटरच्या पेल्यात होतात २.५ मायक्रोमोल. पोटात सामू २ चा रस फक्त ५० मिली धरला तरी ५०० मायक्रोमोल आम्ल आहे. निव्वळ त्या सामूच्या जोरावर तेवढं आम्ल मारायला दोनशे पेले लागतील. काउंटरवर आकडा मोठा दिसतोय, गोदामात काही नाही. ज्याला खरंच जळजळ होते त्याला आम्ही आम्लारीची गोळी देतो, कारण तिच्यात साठा असतो.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या आत राहतो. रक्तातलं बायकार्बोनेट, श्वासातून बाहेर जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि मूत्रपिंडं मिळून तो राखतात. लिंबाने किंवा पाण्याने तो हलत नाही. हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. लिंबातलं सायट्रेट शरीरात जळतं आणि लघवी थोडी अल्कधर्मी होते, 'लिंबू अल्कधर्मी होतं' हा समज तिथूनच आला आहे. लिंबूपाणी जरूर प्या, इथल्या एप्रिल-मेमध्ये तर प्याच.

करमाळा_माहेर

मला विज्ञान फार येत नाही, पण शब्दांचं एक विचारते. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने भांड्यावर बसतो तो क्षार. पापडात घालतो तो पापडखार. रान पांढरं पडतं ते क्षारपड. नातवाच्या पुस्तकात मात्र मिठाला क्षार म्हटलंय आणि खार म्हणायचं त्याला आम्लारी. मुलांनी कुणाचं ऐकायचं?

आणि हळदीचं. माझं माहेर केमजवळ, केमचं कुंकू सगळ्यांना माहीत आहे. आजी घरी कुंकू करायची तेव्हा हळकुंडाला टाकणखार आणि लिंबू लावायची. ताईंच्या पेल्यात चुन्याने हळद लाल झाली. मग लिंबू आंबट असूनही आजीचं कुंकू लाल कसं व्हायचं?

शिकवणीवाली_ताई

मावशी, पहिला प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी अडतो. पुस्तकातला क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भिडून तयार होतं ते. बोलण्यातला खार पुष्कळदा आम्लारी गुणाचा. भांड्यावरचा क्षार ही बहुतेक चुनखडी, म्हणून तो व्हिनेगरने निघतो. मी मुलांना 'आम्लारी' हा शब्द फोडून दाखवते. आम्ल अधिक अरी, आम्लाचा शत्रू. एकदा फोडला की पुन्हा विसरत नाहीत. आणि सगळे क्षार उदासीन नसतात हेही दाखवावं लागतं. मीठ उदासीन, खायचा सोडा आम्लारी बाजूला, दादांचं मोरचूद आम्ल बाजूला, आणि पुस्तकाच्या भाषेत तिघंही क्षारच.

आजीच्या कुंकवाचं कुणी सांगेल का? माझाही गोंधळ झाला.

अकलूजकर_लॅब

लाल दोन वेगळ्या वाटांनी येतो. चुन्याने येतो तो आम्लारीमुळे, लिंबू पिळलं की परत पिवळा. टाकणखारात बोरॉन आहे. आम्लाच्या सोबतीने तो हळदीतल्या कर्क्युमिनला धरून बसतो आणि लाल रंगाचं वेगळंच संयुग होतं. ते लिंबाने पिवळं होत नाही. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे. आजीला लिंबू का लागायचं त्याचं उत्तर यात आहे.

करमाळा_माहेर

आजी म्हणायची, लिंबाशिवाय रंग चढत नाही. आज कळलं. आईला फोन करून सांगते.

भवानीपेठ_नवा

ताई, मी अकरावीला आहे. अमोनियात हायड्रॉक्साइड नाहीच, मग ती आम्लारी कशी? सर म्हणले पाठ कर. लई दिवस डोक्यात आहे.

नवीपेठ_गोदाम

पाठ करू नकोस. नवसागर आणि चुना चिमूट-चिमूट घेऊन काडीने एकत्र घास. कल्हईवाल्याकडे येतो तसा झणका येईल, ती अमोनिया. नाक लांबून.

तुझी अडचण अऱ्हेनियस या शास्त्रज्ञांच्या व्याख्येची आहे. त्यांनी १८८४ साली प्रबंधात आयनांची कल्पना मांडली, तेव्हा विद्यापीठाने त्यांना अगदी खालची श्रेणी दिली. १९०३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या वाटेने पुढे व्याख्या झाली की आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड देणारा. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लोरी यांनी वेगवेगळं काम करून ती रुंद केली. हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. अमोनिया पाण्याकडून एक हायड्रोजन आयन घेते, मागे उरतो तो हायड्रॉक्साइड. तिच्याजवळ तो आधीपासून असायची गरजच नाही.

अक्कलकोट_रोड_रंगखाता

पोरं घरी करून बघणार म्हणून लिहितो. आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नको. गंधकाम्लात पाणी पडलं की उष्णतेने जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. आणि संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका वेळी वापरू नका, क्लोरीन निघतो. माझ्या शेजारच्या काकू बंद न्हाणीघरात दोन्ही टाकून बसल्या होत्या, दार तोडून बाहेर काढलं. आठ दिवस खोकत होत्या.

डाळिंब_सांगोला

अहवाल सापडला. मुक्त चुनखडी १० टक्के.

शिकवणीवाली_ताई

काल वर्गात दुकान-गोदाम सांगितलं. मग दादांचा आकडा फळ्यावर लिहिला आणि गणित मुलांवरच सोडलं. ज्या मुलीने पट्टी खोटं बोलली का विचारलं होतं, तिने केलं ते तसंच उतरवते.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरची १५ सेंटीमीटर माती, घनमीटरला १.३ टन धरून सुमारे ७९० टन. तिच्या १० टक्के चुनखडी, ७९ टन. गंधकाचं मातीत गंधकाम्ल होतं. शंभर भाग चुनखडी मारायला ९८ भाग गंधकाम्ल, आणि तेवढं आम्ल तयार व्हायला ३२ भाग गंधक. म्हणजे एकरी सुमारे २५ टन गंधक. तेही फक्त वरच्या अर्ध्या फुटाला.

आकडा काढून तिने दोनदा तपासला. मग म्हणाली, "ताई, त्या काकांना सांगा, वीस किलोत भेसळ नव्हती."

डाळिंब_सांगोला

सांगा तिला, काकांनी वाचलं. दुकानदाराला मी उगाच बोललो होतो, त्यालाही फोन करतो. पण आता पानं पिवळी पडतात त्याचं काय करू? लोह कमी पडतं म्हणतात.

अकलूजकर_लॅब

सगळ्या रानाचा सामू उतरवायच्या मागे लागू नका. ठिबकखालचा मुळांचा पट्टा सांभाळा, शेणखत भरपूर द्या. जमिनीतून लोह द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटचं (चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) घ्या, ते ८ च्या वरही टिकतं. ईडीटीएवालं तुमच्या मातीत तग धरत नाही, ते फवारणीला ठेवा. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहेच, अहवाल घेऊन एकदा जाऊन या.

डाळिंब_सांगोला

गुरुवारी केगावला जातो. ताई, परतताना अशोक चौकात येऊ का? रानातली चार ढेकळं आणि घासलेला खिळा घेऊन येतो. मोरचूद आणि ताजा कळीचा चुनाही आणतो, पोरांसमोर बोर्डो करू.

शिकवणीवाली_ताई

या ना दादा. वर्ग सहाला भरतो. प्लास्टिकच्या दोन बादल्या माझ्याकडे आहेत.